दातखिळी आणि अल्फा

ईईजी काढायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "शॉक देणार का हो?" दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. मी नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरून लाल पेन्सिलीने खुणा करत असते, तेव्हा तो नुसता नजरेत दिसतो : या बाईला आपल्या मनातलं सगळं कळणार की काय?

पहिल्याचं उत्तर पटकन देता येतं. हे यंत्र वीज देत नाही, मेंदूची वीज मोजतं. कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत ती जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरलेली असते. टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतो. त्याचा पंधरा हजारावा भागसुद्धा बहुतेक वेळा भरत नाही.

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. अलीकडे ते अधिक वेळा द्यावं लागतं, कारण 'ट्रॉमा' हा शब्द आता मोबाइलमुळे आमच्या सोलापूर भागातल्या खेड्यांतही पोचला आहे. अपघात, जाळपोळ, मारहाण, पोटचं मूल गेलेलं... सोबत आलेला कुणीतरी हळूच म्हणतो, "मॅडम, तिला मोठा धक्का बसलाय. तो यात दिसेल ना?"

नाही दिसत. पण ईईजीच्या खोलीचा आणि बसलेल्या धक्क्याचा काही संबंधच नाही, असंही नाही. तो आहे, फक्त लोक शोधतात तिथे नाही.

मी हे काम शिकले तेव्हा यंत्र कागदाचं होतं. सोळा पेनं एकाच वेळी शाईच्या रेघा ओढायची आणि कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकायचा. अर्ध्या तासाच्या एका तपासणीला चोपन्न मीटर कागद! आता सगळं पडद्यावर आहे, पण रेघा त्याच. एका सेकंदात किती चढउतार होतात त्यावरून त्यांना नावं दिलेली आहेत. चारपेक्षा कमी म्हणजे डेल्टा, ती गाढ झोपेतली. चार ते आठ थीटा, माणूस पेंगायला लागला की येणारी. आठ ते तेरा अल्फा : जागा माणूस डोळे मिटून निवांत पडला की डोक्याच्या मागच्या भागात ही उमटते आणि डोळे उघडले की जाते. तेरा ते तीस बीटा. त्यापुढे गॅमा, पण कातडीखालच्या स्नायूंची वीज तिच्यात इतकी मिसळते, की रोजच्या ईईजीत तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

अल्फाचा शोध ज्याने लावला त्याची हकिगत इथे सांगायलाच हवी. हान्स बर्गर हा जर्मन तरुण खगोलशास्त्रज्ञ व्हायला निघाला होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो वर्षभरासाठी घोडदळात भरती झाला. सरावात त्याचा घोडा उधळला आणि बर्गर पडला तो थेट तोफगाड्याच्या वाटेत. गाडा अगदी शेवटच्या क्षणी थांबला. त्याच दिवशी घरून तार आली : तू बरा आहेस ना? दूर गावी असलेल्या बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भाऊ संकटात आहे, म्हणून तिने वडिलांना तार करायला लावली होती. बर्गरच्या मनातून हे आयुष्यभर गेलं नाही. आपल्या भीतीने बहिणीपर्यंत काहीतरी पोचवलं, तर ते काय, हे शोधण्यासाठी तो वैद्यकाकडे वळला, जेनामध्ये मनोविकारतज्ज्ञ झाला आणि कित्येक वर्षं गुपचूप प्रयोग करत राहिला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली. प्रसिद्ध केली ती १९२९ मध्ये. लोकांचा विश्वास बसेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा बसला. टेलिपथी काही सापडली नाही. सापडली ती डोळे उघडताच विरणारी लहर.

मनातलं वाचण्याची आशा मात्र बर्गरनंतरही सुटली नाही. आपल्याकडे तर ती कोर्टापर्यंत गेली. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींच्या तपासणीचा निष्कर्ष सत्र न्यायालयाने विचारात घेतला होता, आणि ती बातमी जगभर गाजली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी 'ब्रेन मॅपिंग', नार्को किंवा लाय-डिटेक्टर चाचणी कुणावरही लादता येणार नाही, असा निकाल दिला. माझ्या खोलीत येणाऱ्यांच्या मनात हेच कुठेतरी असतं. त्यांना मी सांगते : तुम्ही जागे आहात, पेंगताय की झोपलात, हे मला कळेल. दात आवळलेत तर लगेच कळेल. काल नवऱ्याशी का भांडलात, ते कळणार नाही.

दात आवळण्याचं मी गमतीने सांगत नाही. घाबरलेला माणूस माझ्या खाटेवर झोपला की पहिल्या मिनिटाला पडदा काळाभोर होतो. जबड्याचे, कपाळाचे, मानेचे स्नायू इतके ताणलेले असतात की मेंदूची रेघ त्यांच्या विजेखाली बुडून जाते. आमच्या भाषेत हे आर्टिफॅक्ट. "ताई, तोंड थोडं उघडं ठेवा, जीभ सैल सोडा," असं म्हटलं की दोन-तीन मिनिटांत काळोख ओसरतो आणि खालून अल्फा वर येते. आता समजा कुणी हे न करता त्या स्नायूंच्या विजेसकट रेकॉर्ड घेतलं आणि संगणकाकडून त्याचा रंगीत नकाशा काढून घेतला, तर कपाळाच्या दोन्ही बाजूंना लालभडक 'हाय बीटा' छापून येतो. मग पेशंटला सांगितलं जातं, तुमचा मेंदू अति सावध आहे, हा ट्रॉमाचा ठसा आहे. ठसा कसला, दात आवळलेत!

दुसरी गंमत गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या नावांच्या गोळ्या आता घरोघर आहेत, आणि त्या बीटा वाढवतात. म्हणून मी पहिल्यांदा पिशवी उघडायला लावते आणि सगळ्या गोळ्यांची नावं लिहून घेते. रंगीत नकाशाची फाइल घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच विचारते : तपासणीआधी गोळ्या विचारल्या होत्या का? बरेचदा उत्तर येतं, नाही.

संशोधनात तरी धक्क्याची खूण सापडली आहे का? शोध भरपूर झाला. आघातानंतरच्या त्रासाला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत अधिकृत जागा मिळाली १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. तेव्हापासून कुठे अल्फा कमी आढळली, कुठे नाही. कुठे उजव्या-डाव्या कपाळात फरक दिसला, कुठे दिसला नाही. शंभर माणसांचा गट शंभराच्या दुसऱ्या गटाशी ताडून पाहिला तर सरासरीत काही हाती लागतं. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही. कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट ईईजी पाहून पीटीएसडीचं निदान करत नाही. ते बोलून, ऐकून, विचारूनच होतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या खोलीत धक्का ओळखू येतो तो ईईजी नॉर्मल आल्यामुळे.

एका सुनेची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला कित्येक वर्षं झटके येत होते. आधी दातखिळी बसायची, मग हातपाय झाडायची, कधी अर्धा-अर्धा तास. गावात कुणी फेफरं म्हणे, कुणी अंगात येतं म्हणे. चप्पल हुंगवून झाली, कांदा फोडून झाला, एका देवस्थानात पाच अमावास्या झाल्या. फिटच्या तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या, झटके काही कमी होत नव्हते. वजन वाढलं होतं आणि दिवसभर झापड असायची. शेवटी डॉक्टरांनी व्हिडिओ-ईईजी सांगितला. यात लीड्स, म्हणजे लहरी टिपणाऱ्या तारा, डोक्यावर आणि कॅमेरा समोर : झटका येईल तेव्हा शरीर काय करतंय आणि मेंदू काय करतोय, हे एकाच वेळी दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे, हातपाय वेगवेगळ्या तालात. पडदा स्नायूंच्या विजेने काळा. सासू रडायला लागली. मध्येच काही सेकंद शरीर थांबलं, रेघा मोकळ्या झाल्या, आणि डोक्याच्या मागच्या भागात नीटस, सेकंदाला दहाची अल्फा होती. हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर हालचाल नाही, पण अल्फा जाग्या माणसाची. खऱ्या मोठ्या फिटमध्ये हे होत नाही. तिथे आधी मेंदूभर टोकदार लहरींचं तांडव होतं, आणि झटका संपल्यावर बराच वेळ रेघ दबलेली, संथ राहते. माणूस घोरतो, उठल्यावर गोंधळलेला असतो. इथे शरीर थांबलं त्याच क्षणी अल्फा हजर.

याला फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात. न्यूरॉलॉजिस्टने हे नातेवाइकांना सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "म्हणजे नाटकच ना?" त्या दिवशी दिराने ते अगदी मोठ्याने म्हटलं. मी लीड काढत होते. सुनेचे डोळे मिटलेलेच होते, पण ती ऐकत होती, हे मला तिच्या पापण्यांवरून कळलं. डॉक्टरांनी त्याला बाहेर नेलं नाही. तिच्यासमोरच सांगितलं, की ही नाटक करत नाही, झटका तिच्या हातात नाही. फिटच्या रोगात मेंदूतली वीज बिघडते, तशी ती इथे बिघडलेली नाही, म्हणून फिटच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मग तिला विचारलं, पहिला झटका कधी आला? तिने सांगितलं, टमटम उलटली त्यानंतर चार महिन्यांनी. त्या टमटममध्ये तिचा धाकटा भाऊ गेला होता. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळ्यांनी झटका पाहिला होता आणि त्यावर गोळ्या दिल्या होत्या.

असा प्रत्येक पेशंट आघातातूनच आलेला असतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या मागे मारहाण, अत्याचार, अपघात, मृत्यू असतो. काहींच्या मागे तसं ठळक काही सापडत नाही. काहींना हे झटके आणि खरी फिट, दोन्ही असतात, म्हणून एका अल्फावर निकाल देऊन टाकू नये. पण फिटच्या मोठ्या केंद्रांत 'औषधांनी बरे होत नाहीत' म्हणून पाठवलेल्यांपैकी साधारण पाचातला एक तरी या गटात निघतो. जर्मनीत बॉनच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या झटक्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेला होता. जर्मनीत सात, तर आमच्या अमावास्या धरून किती, ते तुम्हीच ठरवा.

निदान झाल्यावर उपचार मनाचे. ब्रिटनमध्ये ३६८ पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. बोलण्याच्या उपचारांची, सीबीटीची, जोड दिल्याने वर्षभराने झटक्यांची संख्या इतर गटापेक्षा नक्की कमी झाली असं म्हणता आलं नाही. पण त्रास कमी वाटणं, कामाला जाता येणं, झटक्याविना सलग दिवस मिळणं यांत सुधारणा दिसली. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. आमची ती सून नंतर भेटली तेव्हा झटके पूर्ण गेले नव्हते. पण दातखिळी बसण्याआधी हातांना मुंग्या येतात, हे तिला ओळखता येऊ लागलं होतं. तेव्हा ती जमिनीवर तळवे टेकून आसपासच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेते. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं होतं. सासूही आता सोबत नावं घेते : फडताळ, परात, कंदील...

भावना आवरणं म्हणजे गिळून टाकणं, असं आपल्याकडे समजलं जातं. प्रयोगशाळेतल्या लहरी वेगळं सांगतात. माणसाला भीतिदायक चित्र दाखवलं की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनंतर डोक्याच्या वरच्या भागात एक विद्युत उंचवटा सुरू होतो आणि काही काळ टिकतो. चित्र जितकं मनाला भिडणारं, तितका तो मोठा. २००६ मध्ये ग्रेग हायचाक आणि सँडर न्यूवेनहाउस यांनी लोकांना सांगितलं, की हेच चित्र वेगळ्या अर्थाने पाहा : रक्ताळलेला माणूस आहे, पण मदत पोचली आहे. उंचवटा कमी झाला. चित्र तेच, डोळे उघडेच, फक्त अर्थ बदलला. आजी लहान मुलाला 'पडलास का? बघ, मुंगी मेली!' म्हणते तेव्हा ती हाच प्रयोग करत असते. मात्र हा उंचवटा दिसतो तो अनेक चित्रांच्या सरासरीतून. माझ्या खोलीतल्या यंत्रावर एका चित्राला तो डोळ्यांनी दिसायचा नाही.

धक्क्यानंतरच्या झोपेबद्दल मला अधिक खात्रीने बोलता येतं, कारण झोपेतले ईईजी मी पोत्याने पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. संकट झोपेतच आल्यामुळे पुढे झोपणं हेच धोक्याचं झालं. आमच्या बाजूलाही लोक कितीतरी दिवस अंगणात खाट टाकून पडत, आणि चारच्या आधी उठून बसत.

आणि सावरण्यासाठी मेंदूला झोपेचीच गरज असते, ही यातली अडचण. रात्री दर दीडेक तासाने स्वप्नांची झोप येते, तिला रेम म्हणतात. १९५३ मध्ये शिकागोत एसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती जगापुढे मांडली. तिच्यात डोळे भराभर हलतात, अंगातली ताकद गेलेली असते, रेघ जाग्या माणसासारखी, आणि मेंदूतलं नॉरॲड्रिनॅलिन हे सावधपणाचं रसायन दिवसातल्या सर्वांत कमी पातळीवर असतं. आठवण वर येते, पण छाती धडधडवणारं रसायन सोबत नसतं. बर्कलीत मॅथ्यू वॉकर यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवलं, की भावना चाळवणारी चित्रं पाहिल्यावर रात्रभर झोपून ती पुन्हा पाहणाऱ्यांच्या मेंदूतला भीतीचा भाग, ॲमिग्डाला, कमी उसळतो. दिवसभर जागून पाहणाऱ्यांचा तसा शांत होत नाही. त्याआधी २००२ मध्ये थॉमस मेलमन यांना जखमी होऊन इस्पितळात आलेल्यांत दिसलं होतं, की ज्यांना पुढे पीटीएसडी झाला, त्यांची सुरुवातीच्या दिवसांतली रेम झोप तुकड्या-तुकड्यांची होती. नवीन धक्का बसलेल्या घरात लोक रात्रभर बत्ती लावून सांत्वनाला बसतात. माझं स्पष्ट मत आहे, की त्यांनी दहा वाजता घरी जावं.

राहिलं न्यूरोफीडबॅक, म्हणजे स्वतःची मेंदूलहर बदलायला शिकवणारा उपचार. डोक्यावर लीड, समोर पडदा. हवी ती लहर वाढली की खेळातलं विमान वर जातं. याची सुरुवात झाली ती मांजरांपासून. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना १२ ते १५ ची लहर वाढवायला शिकवलं, आणि पुढे रॉकेटच्या विषारी इंधनाच्या चाचणीत त्या मांजरांनी फिटला जास्त काळ तोंड दिलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवरचे प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने जुन्या पीटीएसडीच्या ५२ जणांवर चाचणी केली. न्यूरोफीडबॅक घेणाऱ्यांना चांगला फायदा झाला. पण तुलना कुणाशी होती? प्रतीक्षा यादीतल्यांशी. आठवड्यातून दोनदा कुणीतरी आपुलकीने डोक्याला पेस्ट लावून तासभर लक्ष देतं, त्याचाही गुण येतोच की. २०१७ मध्ये ऑस्ट्रियात मानुएल शाबुस यांनी निद्रानाशाच्या पेशंटांना, न सांगता, काही सत्रं खऱ्या लहरींवर आणि काही खोट्या संकेतांवर दिली. लोकांना दोन्हींनी सारखंच बरं वाटलं.

म्हणून मी त्याला भोंदूगिरी म्हणत नाही, पण पहिला उपचारही म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघातावर थेट काम करणारी सीबीटी आणि डोळ्यांच्या हालचालींसह केलं जाणारं ईएमडीआर, ही दोन नावं दिली. दोन्हीत माणूस जाणत्या तज्ज्ञापाशी, सुरक्षित जागी, ती आठवण हळूहळू पुन्हा हाताळतो. दागिना मोडून लहरींच्या पॅकेजचे पैसे भरण्याआधी हे विचारा. मोफत सुरुवात करायची तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरात कुणाला झटके येत असतील तर ईईजीला येताना एक गोष्ट घेऊन या : झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. सुरुवातीपासून काढा, चेहरा, डोळे उघडे की मिटलेले, दोन्ही हात, सगळं यायला हवं. तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर व्हिडिओ सोडून दवाखाना गाठा. त्या दोन मिनिटांच्या चित्रावरून न्यूरॉलॉजिस्टला जे कळतं, ते झटक्याविना काढलेल्या माझ्या अर्ध्या तासाच्या रेघांतून पुष्कळदा कळत नाही. फिटच्या चालू गोळ्या मात्र व्हिडिओ पाहून किंवा हा लेख वाचून बंद करू नका. त्या कुठल्या आणि कशा कमी करायच्या, ते डॉक्टरच ठरवतील.